प्रतीक्षा-दालनातल्या खुर्च्यांना हात हवेत की नकोत?

तुमच्या प्रश्नाचा गाभा मला असा समजला: दालनात साधारण चाळीस जणांची बसायची सोय करायची आहे. लोक पंधरा मिनिटांपासून दोन-अडीच तासांपर्यंत थांबतात आणि सगळ्या वयाचे असतात. समितीतल्या निम्म्या जणांना हात नसलेले लांब बाक हवेत, म्हणजे कमी जागेत जास्त माणसं मावतील. बाकीच्यांना हाताच्या खुर्च्या हव्यात, कारण वयस्कर माणसांना त्या बऱ्या पडतात. कुणीतरी मधला मार्ग सुचवला, की ओळीत जोडलेल्या खुर्च्या घेऊ आणि दोघांत मिळून एक आर्मरेस्ट, म्हणजे खुर्चीचा हात, ठेवू. तर लगेच मुद्दा निघाला, की तो आर्मरेस्ट कुणाचा? शिवाय तेच मॉडेल कार्यालयातल्या टेबलांना चालेल का, हेही तुम्ही विचारलंय.

मी बरीच वर्षं सार्वजनिक जागांमधली बसायची सोय आखते, आणि जवळजवळ प्रत्येक समितीत हा वाद ऐकते. वाद नेहमी बसलेल्या माणसाच्या आरामाबद्दल असतो. कोपर टेकायला काही आहे की नाही, शेजाऱ्याचा धक्का लागतो की नाही, एवढ्यावरच बोलणं फिरत राहतं. उठणाऱ्या माणसाचा विषय कुणी काढत नाही. माझ्या अनुभवात मात्र आर्मरेस्टचं सगळ्यांत मोलाचं काम बसतानाच्या आणि उठतानाच्या त्या चार-पाच सेकंदांत होतं. मधला तासभर तो नसला तर थोडी गैरसोय होते. त्या चार-पाच सेकंदांत नसला, तर काही माणसं उठूच शकत नाहीत, आणि काही जण त्याच भीतीने मुळात बसतच नाहीत, भिंतीला टेकून उभे राहतात.

म्हणून आधी उठण्याबद्दल सविस्तर सांगते, कारण बाकीचे निर्णय त्यातूनच निघतात.

खुर्चीतून उठताना आपण सरळ वर जात नाही. आधी पावलं मागे घेतो, मग कमरेतून पुढे वाकतो, म्हणजे शरीराचा भार बैठकीवरून सरकून पावलांवर येतो, आणि मग गुडघे व खुबे सरळ करत वर येतो. सगळ्यांत अवघड क्षण बैठक सुटते तो. तेव्हा गुडघा पुरता वाकलेला असतो आणि जवळजवळ सगळं वजन मांडीच्या स्नायूंना उचलायचं असतं. तरुण, निरोगी माणसाला हे जाणवतही नाही. गुडघ्याची झीज झालेल्या, खुब्याचं ऑपरेशन झालेल्या, पार्किन्सन्स असलेल्या किंवा नुकत्याच तापातून उठलेल्या माणसाला तोच क्षण डोंगराएवढा वाटतो. अशा वेळी दोन्ही हातांनी खाली रेटा दिला की भाराचा बराच वाटा खांदे आणि दंड उचलतात, गुडघ्यावरचा ताण लक्षात येण्याइतका कमी होतो आणि तोलही सावरतो.

बसतानाही तेच. पाय कमजोर असले की माणूस शेवटच्या काही इंचांत स्वतःला सोडून देतो आणि धपकन खाली येतो. फिजिओथेरपिस्ट शिकवतात ती पद्धत पाहा: मागे सरकत पिंढऱ्या बैठकीला लागू द्यायच्या, मग हात मागे नेऊन आधी एका आर्मरेस्टवर, नंतर दुसऱ्यावर ठेवायचा, आणि सावकाश खाली यायचं. आर्मरेस्टच नसेल तर ही पद्धत पाळणार कशी? वॉकर वापरणाऱ्यांना तर स्पष्ट सांगितलेलं असतं, की उठताना वॉकर धरून ओढू नका, तो अंगावर येईल. खुर्चीला रेटून उभे राहा आणि मगच वॉकर धरा. म्हणजे रेटायला खुर्चीत काहीतरी भक्कम असणं त्यात गृहीतच आहे.

यातून आर्मरेस्टचा आकार ठरतो. त्याचं पुढचं टोक बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत यायला हवं. कित्येक खुर्च्यांचे हात निम्म्यातच संपतात. टेकून बसलेल्याला त्यात काही खटकत नाही, पण उठायला पुढे सरकलेल्या माणसाचे तळवे तेव्हा अंगाच्या मागे राहतात आणि मागून रेटा देणं खांद्याला जड जातं. टोक गोलसर आणि मुठीत येईल असं असावं. रुंद, चपटी, गुळगुळीत फळी दिसायला छान असते, पण ओला किंवा थरथरता हात तिच्यावरून घसरतो. त्याच वेळी हे टोक पुढच्या पायांच्या बाहेर लांब जाता कामा नये. हलक्या खुर्चीच्या बाहेर आलेल्या टोकावर कुणी पूर्ण भार टाकला, तर खुर्ची पुढे कलंडू शकते. या दोन अटी एकत्र पाळायचा सोपा उपाय म्हणजे आर्मरेस्टचा पुढचा आधार थेट पुढच्या पायातून वर आलेला असणं. जुन्या लाकडी हाताच्या खुर्च्यांचा बांधा बघा, बहुतेकींत हेच दिसेल.

अंधूक दिसणाऱ्यांसाठी आर्मरेस्टचा रंग बैठकीहून स्पष्ट वेगळा ठेवा. राखाडी गादीला राखाडीच आर्मरेस्ट असला, की मागे चाचपडणाऱ्या हाताला तो सापडायला वेळ लागतो.

आता उंची. बसलेल्या माणसाचं कोपर बैठकीपासून किती उंच येतं, यात मोठा फरक असतो. लहान चणीच्या बाईचं ते साधारण 18 सेंटिमीटरवर असतं, तर उंच पुरुषाचं 29 सेंटिमीटरच्या आसपास. एका ठरावीक उंचीचा आर्मरेस्ट दोघांना नेमका बसणं शक्यच नाही. मी सार्वजनिक जागेतल्या खुर्चीला 20 ते 22 सेंटिमीटर धरते. कारण असं: आर्मरेस्ट थोडा खाली असला तर उंच माणूस फार तर तो वापरत नाही किंवा एका बाजूला जरा कलतो. तो फार वर असला तर ठेंगण्या माणसाचे खांदे वर उचलले जातात, कोपरं बाहेर फाकतात, आणि तासाभरात मान भरून येते. दोन्ही चुकांमध्ये पहिली सौम्य आहे. मात्र हे माप माणूस बसल्यावर दबलेल्या गादीपासून घ्या. जाड गादी तीन-चार सेंटिमीटर सहज दबते, आणि माहितीपत्रकातला आकडा बहुधा रिकाम्या खुर्चीचा असतो.

बैठकीच्या उंचीचं काम आर्मरेस्ट करू शकत नाही, हे समितीपुढे ठासून सांगा. बैठक जितकी खाली, तितका गुडघा जास्त वाकतो आणि उठणं जड जातं. अमेरिकेच्या 2010 च्या एडीए मानकांत (एडीए म्हणजे तिथला अपंगांच्या हक्कांचा कायदा) बाकाच्या बैठकीची उंची 17 ते 19 इंच, म्हणजे साधारण 43 ते 48 सेंटिमीटर ठरवलेली आहे, आणि ती कामचलाऊ मर्यादा म्हणून मला पटते. या पट्ट्यातही सगळ्या जागा एकाच मापाच्या करू नका. काही 43-44 वर ठेवा, म्हणजे ठेंगण्या माणसाचे पाय लोंबकळणार नाहीत. काही 47-48 वर ठेवा, म्हणजे गुडघेदुखीवाल्यांना सोपं जाईल. उंच बैठक हवीच असं म्हणण्यामागे आणखी एक कारण आहे. छातीचं हाड उघडून हृदयाचं ऑपरेशन झालेल्यांना सुरुवातीच्या काही आठवड्यांत हातांवर जोर देऊन उठू नका, असं बऱ्याचदा बजावलेलं असतं. त्यांच्यासाठी आर्मरेस्ट असून नसल्यासारखा. त्यांना बैठकीची उंचीच तारते.

इतकं वाचून वाटेल, की मग सगळीकडे दोन्ही बाजूंना हात लावून मोकळं व्हावं. तिथेच दुसरी बाजू सुरू होते, आणि ती मला तितकीच महत्त्वाची वाटते.

पक्का आर्मरेस्ट ही एक भिंतही असते. व्हीलचेअरवरून शेजारच्या खुर्चीत सरकून बसणाऱ्या माणसाला त्या बाजूचा आर्मरेस्ट मधे येतो. याची दखल नियमांनीही घेतली आहे. एडीए मानकांत सभागृहातल्या वाटेलगतच्या खुर्च्यांपैकी किमान 5 टक्के जागा अशा ठेवायच्या असतात, की त्यांना हात असतील तर वाटेच्या बाजूचा हात दुमडता किंवा मागे घेता यायला हवा. अमेरिकी नियमांनुसार 30 किंवा अधिक आसनांच्या विमानांत, हालचालीची अडचण असलेले प्रवासी जिथे बसू शकतात अशा रांगांमध्ये, वाटेलगतच्या किमान निम्म्या आसनांचा वाटेकडचा आर्मरेस्ट हलता असावा लागतो. अनेक विमानांत तो उचलायची कळ खालच्या बाजूला, बिजागरीजवळ दडलेली असते, त्यामुळे नेहमी प्रवास करणाऱ्यांनाही ती ठाऊक नसते. तुमच्या दालनात उचलता येणारे हात घेतलेत, तर ती कळ दिसेल आणि एका हाताने चालेल अशीच मागा. लपलेल्या सोयीचा उपयोग ती माहीत असणाऱ्यालाच होतो.

ही भिंत जाड अंगाच्या माणसालाही अडवते, आणि याबद्दल मला सगळ्यांत जास्त कळकळ आहे. दोन हातांमध्ये 45 सेंटिमीटर जागा असलेल्या खुर्चीत अनेकांना बसताच येत नाही, किंवा बसलं तर मांड्यांना कडा रुततात आणि उठताना खुर्ची अंगाबरोबर वर येते. ही फजिती एकदा चारचौघांत झाली, की तो माणूस पुढच्या वेळी उभाच राहतो. विचारलं तर "बसून बसून कंटाळा आलाय" म्हणतो. दालनात काही माणसं कायम उभी का असतात, याचं हे एक उत्तर आहे आणि ते कुठल्याही तक्रारवहीत सापडत नाही. म्हणून माझ्या प्रत्येक आराखड्यात काही जागा दीडपट रुंद असतात, दोन हातांमध्ये 65 ते 75 सेंटिमीटर. त्यांवर पाटी लावायची नाही आणि त्या एका कोपऱ्यात गोळाही करायच्या नाहीत. इतर खुर्च्यांमध्येच मिसळून, त्याच रंगात ठेवायच्या. तिथे लेकराला शेजारी घेऊन आई बसते, गरोदर बाई बसते, जाडजूड कोट घातलेला माणूस बसतो. त्यामुळे ती जागा कुणा एकाची ठरत नाही आणि तिथे बसायला कुणाला संकोच वाटत नाही. पुरवठादाराकडून या जागांची वजनमर्यादा लेखी घ्या.

आता तुमच्या समितीतला खरा झगडा: सामाईक आर्मरेस्ट.

आधी जागेचा हिशोब करू, कारण "हात नसले की जास्त माणसं मावतात" हे म्हणणं अर्धंच खरं आहे. प्रत्येकाला 50 सेंटिमीटर मोकळी जागा आणि 5 सेंटिमीटर रुंदीचा आर्मरेस्ट धरला, तर सामाईक हातांच्या पाच जागांच्या ओळीला सहा हात लागतात. म्हणजे अडीच मीटर अधिक 30 सेंटिमीटर, एकूण 2.8 मीटर. प्रत्येकीला स्वतःचे दोन हात असलेल्या पाच सुट्या खुर्च्यांना दहा हात लागतात, म्हणजे किमान 3 मीटर आणि वर खुर्च्यांमधल्या फटी. बिनहाताचा बाक त्याच पाच जणांना अडीच मीटरमध्ये पुरतो. कागदावर बाक जिंकला. पण बाकावर अनोळखी माणसं कशी बसतात ते आठवा. पहिला एका टोकाला बसतो, दुसरा दुसऱ्या टोकाला, मधे पिशव्या येतात, आणि तिसरा येतो तो "सरकता का जरा?" म्हणायला नको म्हणून उभा राहतो. तिघांचा बाक अनोळखी लोकांत बऱ्याचदा दोघांचा होऊन बसतो. गर्दी फारच वाढली तरच तो भरतो.

याचं कारण अंतरात आहे. मानवशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी 1960 च्या दशकात माणसांमधल्या अंतरांची जी मांडणी केली, तिच्यात साधारण 45 सेंटिमीटरच्या आतली जागा अगदी जवळच्या माणसांसाठीची मानली आहे. ही मापं समाजागणिक बदलतात, हे त्यांनीच सांगितलं होतं. ओळीत बसलेल्या दोघांचे खांदे तर जवळजवळ एकमेकांना लागलेलेच असतात. तिथे आर्मरेस्ट अंतर वाढवत नाही, पण हद्द दाखवतो. तुझी जागा इथे संपते, माझी इथून सुरू होते, हे न बोलता ठरतं, आणि मग माणूस मधल्या जागेत बसायला कचरत नाही. म्हणून अनोळखी लोकांच्या दालनात हातांमुळे काही सेंटिमीटर गेले, तरी प्रत्यक्षात भरलेल्या जागा बहुधा वाढतात.

मग तो हात कुणाचा? अरुंद असेल तर कुणाचाच नाही, आणि भांडणाचं मूळही तेच. पाच सेंटिमीटरच्या पट्टीवर एकच कोपर मावतं. जो आधी ठेवतो त्याची ती होते आणि दुसरा तासभर अंग चोरून बसतो. अंग चोरणारी व्यक्ती बहुतेक वेळा लहान चणीची किंवा भिडस्त असते, हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता तो योगायोग वाटत नाही. प्रवासात तिघांच्या ओळीत मधल्याला दोन्ही हात द्यावेत असा शिष्टाचार सांगतात. खिडकीवाल्याला टेकायला भिंत असते, वाटेवाल्याला एका बाजूला मोकळीक असते, मधल्याला दोन्ही नसतं. त्यामुळे तो मला न्याय्यही वाटतो. पण दालनाची आखणी लोकांच्या शिष्टाचारावर सोडू नये. जागा आपण ठरवतोय, तर भांडण होणार नाही अशीच ठरवावी.

त्यासाठी मी तीन गोष्टींपैकी एक करते. पहिली, सामाईक आर्मरेस्टच रुंद घ्यायचा, 10 ते 12 सेंटिमीटरचा. त्यावर दोन कोपरं शेजारी-शेजारी राहतात. वर मधोमध एक बारीक खाच किंवा उंचवटा असला, तर वाटणी आपोआप होते. दुसरी, आर्मरेस्ट लांब ठेवायचा, म्हणजे एक जण पुढे मनगट टेकतो आणि दुसरा मागे कोपर. हे चालतं, पण सलोख्याच्या लोकांतच. तिसरी मला सर्वांत आवडते: दर दोन जागांनंतर 30 सेंटिमीटरचं छोटं टेबल ओळीतच बसवायचं. कागद, चष्मा, पाण्याची बाटली ठेवायला जागा होते, शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवायचं निमित्त जातं आणि हद्दही स्पष्ट होते. फक्त टेबलाची कड उठताना रेटायला उपयोगी पडेल इतकी भक्कम हवी. नाहीतर टेबलाच्या बाजूला वेगळा आर्मरेस्ट द्या. लोक वेळेला हाताशी येईल ते धरतात. टेबल आणि आर्मरेस्ट यांत फरक करत बसत नाहीत.

बाकाच्या दोन टोकांनाच हात असले तर काय, असंही तुमच्यातल्या एकाने सुचवलंय. त्यात एक गोम आहे. डाव्या टोकाच्या माणसाला फक्त डावीकडे आधार मिळतो, उजव्याला फक्त उजवीकडे आणि मधल्याला काहीच नाही. अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेल्या माणसाची एक बाजू दुबळी असते. उजवी बाजू दुबळी असेल तर त्याला डाव्या हाताला आधार लागतो, म्हणजे त्याच्यासाठी अख्ख्या बाकावर एकच जागा आहे. ती भरलेली असली तर बाक त्याच्यापुरता बंद. तरीही असे काही बाक ठेवावेत, असं मी म्हणेन, कारण कुटुंबं येतात. मुलाला मांडीवर आडवं करायचं असतं, घाबरलेल्या आईला बिलगून बसायचं असतं. दोघांच्या मधे पक्का दांडा आला की ते होत नाही.

बाकाच्या मधोमध हात बसवण्यामागे एक हेतू असाही असतो, की कुणी आडवं होऊ नये. कित्येक शहरांतल्या बागांत, स्थानकांवर हे दिसतं. माझं मत स्पष्ट आहे: आर्मरेस्ट लावायचा तो उठणाऱ्याला आधार म्हणून लावावा. झोपणाऱ्याला हुसकावण्यासाठी लावलेला हात ओळखू येतो. तो ठेंगणा, बारीक, कडक असतो, मधेच कुठेतरी ठोकलेला असतो, आणि त्यावर कुणाला धड रेटा देता येत नाही. दोन-अडीच तास थांबणाऱ्यांत कुणाला भोवळही येऊ शकते. अशा माणसाला आडवं करायला दालनात एक तरी जागा हवी.

मग तुमच्या चाळीस जागांचं काय करायचं? हे तुमच्याकडे येणाऱ्या माणसांवर अवलंबून आहे. बहुतेक जण साठीच्या पुढचे असतील तर हाताच्या जागा वाढवा; लेकुरवाळी कुटुंबं जास्त येत असतील तर बाक वाढवा. मिश्र गर्दीसाठी मी सुरुवात अशी करेन: 24 जागांना दोन्ही बाजूंनी हात, चार बाक तिघा-तिघांचे, हात फक्त टोकांना, म्हणजे 12 जागा, आणि चार जागा दीडपट रुंद, त्यांनाही दोन्ही हात. व्हीलचेअरसाठी दोन-तीन रिकाम्या जागा याशिवाय, आणि त्या ओळीच्या मधे किंवा टोकाला, खुर्च्यांच्या रेषेतच सोडा, म्हणजे व्हीलचेअरवरचा माणूस सोबतच्यांच्या शेजारी बसेल, वाटेत नाही. एडीए मानकांत अशा मोकळ्या जागेचं किमान माप 30 बाय 48 इंच, म्हणजे साधारण 76 बाय 122 सेंटिमीटर आहे. त्या जागेच्या लगतच्या खुर्चीचा एक हात उचलता येणारा ठेवा. दारापासून आणि स्वच्छतागृहापासून जवळच्या जागा हाताच्याच असू द्या. ज्याला आधार लागतो त्याला लांब चालणंही जड जातं.

टेबलांच्या प्रश्नाचं उत्तर थोडक्यात: नाही, तेच मॉडेल चालणार नाही. दालनातल्या खुर्चीचा हात पुढपर्यंत यायला हवा, आणि टेबलाशी काम करणाऱ्याला नेमका तोच आडवा येतो. बैठक 45 सेंटिमीटर आणि त्यावर हात 21, म्हणजे 66. टेबलाची वरची उंची 73-75 असली तरी फळीखाली पट्टी किंवा खण असेल तर हात त्याला अडतो, खुर्ची आत जात नाही आणि माणूस दिवसभर पुढे वाकून काम करतो. टेबलाला मागे संपणारे, उंची आणि रुंदी दोन्ही बदलता येणारे हात घ्या. खांदे सैल सोडून, कोपर अंगाजवळ ठेवून, साधारण काटकोनात जिथे येतं तिथे आर्मरेस्ट नुसता स्पर्शाला यावा. एका हाताचं वजन शरीराच्या सुमारे 5 टक्के असतं. साठ किलोच्या माणसाचे दोन्ही हात मिळून सहा किलो होतात. ते मानेने आणि खांद्यांनी दिवसभर तोलण्यापेक्षा खुर्चीने तोललेले बरे. आर्मरेस्टच्या पृष्ठभागावर मऊ पट्टी असू द्या. कोपराच्या आतल्या बाजूने एक नस अगदी कातडीलगत जाते. कडक कडेवर ती तासन्‌तास दाबली गेली की करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येतात. कुणी अशी तक्रार केली तर औषधाच्या आधी खुर्ची बघा, आणि मुंग्या थांबत नसतील तर डॉक्टरांना दाखवा.

साहित्याबद्दल फार लिहीत नाही. दालनात सगळ्यांत जास्त हात लागणारा भाग आर्मरेस्टच असतो, म्हणून तो शिवणी नसलेला, रोज पुसता येणारा असावा. कापड लावू नका. उघड्यावर ठेवायचं असेल तर धातूचा नको, उन्हात तापतो आणि थंडीत गारठतो. मुलांची बोटं अडकतील अशा फटी बिजागरीजवळ आहेत का, ते स्वतःचं बोट घालून तपासा.

मागणी नोंदवण्याआधी पुरवठादाराकडून दोन-तीन नमुने आठवडाभर दालनात ठेवून घ्या आणि कोपऱ्यात बसून लोकांच्या हातांकडे लक्ष द्या. कुणाला मत विचारू नका. विचारलं की सगळे "छान आहे" म्हणतात. उठताना तळवा कुठे जातो ते पाहा. आर्मरेस्टच्या टोकावर गेला तर आकार बरोबर आहे. मांडीवर, शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर किंवा सोबत आलेल्याच्या खांद्यावर गेला, तर त्या खुर्चीत काहीतरी कमी आहे.

नमुना तपासताना आर्मरेस्टच्या पुढच्या टोकावर शरीराचा पूर्ण भार टाका, आधी सरळ खाली, मग बाहेरच्या बाजूला. माणूस कधीच नेमका सरळ रेटत नाही, थोडं बाहेर ढकलतोच, आणि सांधा तिथेच आधी सुटतो. एकाच बाजूच्या हातावर भार देऊन खुर्ची कलंडते का, तेही बघा. खुर्च्या बसवल्यावर महिन्याभराने सगळे बोल्ट एकदा आवळून घ्या, कारण नवे सांधे सुरुवातीच्या वापरात थोडे बसतात. त्यानंतर दर सहा महिन्यांनी. हे काम कुणाचं, ते नावानिशी ठरवा. सैल झालेला आर्मरेस्ट बिनहाताच्या खुर्चीपेक्षा जास्त धोकादायक असतो, कारण त्यावर विसंबून माणूस पूर्ण भार टाकतो. असा एखादा सापडला, तर दुरुस्ती होईपर्यंत ती जागा पट्टी बांधून बंद ठेवा.